कच्च्या बिलाचा गोपीचंद

लाखनीत हायवेला लागून गोपीचंदचं दुकान आहे. पाण्याच्या मोटारी, फवारणीचे पंप, पाइप, पट्टे, ताडपत्र्या, धानाचं तणस कापायच्या आणि शेवया काढायच्या मशिनी, असा सगळा शेतकऱ्याच्या आणि छोट्या धंदेवाल्याच्या कामाचा माल. दिवसभर ट्रक जातात, धूळ उडते आणि गोपीचंद फडक्याने मोटारी पुसत बसतो. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला नावं ठेवाल. ठेवा, पण जरा दमानं ठेवा. आपल्यातही एकेक गोपीचंद बसलेला असतो.

गिऱ्हाईक आलं, भाव ठरला, की त्याचा एक प्रश्न ठरलेला. "कच्चं देऊ का पक्कं?"

पक्कं म्हणजे जीएसटी लावलेलं, छापील बिल. कच्चं म्हणजे पाठकोऱ्या कागदावर पेनानं लिहिलेला आकडा, खाली सही नाही की शिक्का नाही. शेतकरी विचारायचा, फरक काय? की गोपीचंदची गाडी सुरू. "पक्क्यात टॅक्स लागते भाऊ. मी भरतो, तं मी पुढं वळता करून घेतो. कंपनी भरते, तं ते पन वळता करून घेते. तू भरशीन, तं तुले कोन वळता करून देईन? धानावर तं टॅक्स नाही, मंग तू कोनाकडून वसूल करशीन? साऱ्यांचा टॅक्स येऊन बसते शेतकऱ्याच्या बोडख्यावर." ऐकणारा हमखास म्हणायचा, मग कच्चंच दे बाप्पा.

यात खोटं काही नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. निव्वळ खोटं बोलणाऱ्याला कधीतरी स्वतःचीच लाज वाटते. गोपीचंदच्या बोलण्यात निम्मं खरं होतं, म्हणून त्याला वर्षानुवर्षं शांत झोप लागली. उरलेलं निम्मं तो सांगत नसे. ते असं, की दुकानातला बराच माल नागपूरहून टेम्पोत येई तोच मुळी बिलाशिवाय. दोन नंबरचा माल. जो माल बिलावर आलाच नाही, तो बिलावर जाणार कसा? त्यामुळे 'कच्चं का पक्कं' हा प्रश्न पुष्कळदा नुसता विचारायचा म्हणून होता. पक्कं द्यायला त्याच्यापाशी काही नसायचंच.

आणि वर सरकारला शिव्या देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कालव्याचं पाणी टोकाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, पोचत नाही, दवाखान्यात मशीन आहे तर चालवणारा नाही, गावाकडच्या रस्त्याला गिट्टी टाकून ठेवली ती टाकूनच ठेवली. धानाचा बोनस यायला उशीर झाला तर दुकानात बसून असा काही तापायचा, की जणू बोनस त्याच्याच खात्यात पडायचा होता. एका अर्थी होताच म्हणा. बोनस आला की शेतकरी लाखनीत येत, कोणी मोटार नेई, कोणी ताडपत्री. सरकारनं दिलेला पैसा असा फिरून गोपीचंदच्या गल्ल्यात यायचा, आणि गल्ल्यातून सरकारकडे काही जाऊ नये याची तो काळजी घ्यायचा. भाजीत मीठ टाकायचं नाही, आणि ती अळणी लागते म्हणून बोंबलायचं. पण आपल्याकडे कोण असं नाही करत?

त्याच्या वडिलांनी, म्हणजे पुंडलिकरावांनी, गादीवर बसवताना त्याला एकच गोष्ट शिकवली होती. बोलायचं काम गिऱ्हाइकाचं, मान हलवायचं आपलं. गिऱ्हाईक म्हणालं दिवस आहे, हलव मान. म्हणालं रात्र आहे, तरी हलव. वाद घालून कोणी मोटार विकली नाही. गोपीचंदनं ती शिकवण इतकी अंगी भिनवली, की रंभाबाई, त्याची बायको, त्याला चिडवायची, "तुमची मान तं झोपेत पन हलते, अजी."

याच मानेनं पुढं घात केला.

सानगडीचा इतवारी गोपीचंदचा शाळेपासूनचा दोस्त. तलावावर मासे धरणाऱ्या घरातला. लाखनीला आला की पिशवीत मासोळ्या घेऊनच दुकानात शिरायचा. त्याची बायको सखाबाई घरच्या भट्टीवर मुरमुरे फोडायची. तापलेल्या रेतीत तांदूळ टाकायचा, झाऱ्यानं हलवायचा, की फुलून वर येतात. पिढ्यान्पिढ्या त्यांच्या घरच्या बायांचं हे काम. हातावर रेतीचे चटके आणि डोळ्यांत धूर. त्यांची मुलगी प्रेरणा कॉलेज शिकून घरी आली, आणि तिनं ठरवलं की हे काम सोडायचं नाही, मोठं करायचं. मुरमुरे भाजायची मशीन घ्यायची, वर टिनाचं शेड टाकायचं, म्हणजे पावसाळ्यातही काम बंद पडणार नाही, आणि गावच्या बचत गटातल्या बायांना बारमाही रोजी मिळेल. त्यातली गोदावरीबाई तर धानाच्या रोवणीला चिखलात वाकून वाकून कंबरेतून गेलेली. तिला बसून करायचं काम हवं होतं.

पैसा कुठून आणायचा, तर छोट्या उद्योगांसाठी सरकारची एक योजना होती. मशीन आधी स्वतःच्या पैशानं घ्यायची. तपासणी झाली की किमतीचा मोठा हिस्सा सरकार परत देणार. त्याच परत आलेल्या पैशातून शेड होणार होतं. ही योजना प्रेरणाला सांगितली प्रतिक्षानं. प्रतिक्षा तिची कॉलेजातली मैत्रीण, एका बाकावर बसणारी, आता शेतीखात्यात नोकरीला. तिनंच अर्ज भरून दिला, तिनंच फोटो काढले.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला प्रेरणा मशीन घ्यायला आली, बापाला सोबत घेऊन. मशीन दुकानात उभीच होती, निळ्या रंगाची, नुकतीच टेम्पोतून उतरलेली. इतवारी तिच्यावरून असा हात फिरवत होता, जसा कोणी नव्या गोऱ्ह्यावरून फिरवतो.

"काकाजी, पक्कं बिल देजा," प्रेरणा म्हणाली. "प्रतिक्षा म्हनते, अनुदानाले लागते."

गोपीचंदनं फडकं उचलून मशीन पुसायला घेतली. मशीन दोन नंबरची होती. नाही म्हणावं तर पोरगी साकोलीला जाऊन दुसऱ्या दुकानातून घेईल. बिलाची मशीन मागवून देतो म्हणावं, तर नफा जातो आणि आठवडाभर थांबावं लागतं. तो हसला. "अवो बेटा, आता सारं मोबाइलवर झालं. मशीनजवळ उभं राहून फोटो काढला का काम झालं. बिल कोन पायते? कच्चं ने. टॅक्स वाचते, तेवढ्यात तुया गॅसच्या टाक्या होतात. आनि लागलंच तं मी मागाहून बनवून देईन, मी काय मरून रायलो का?"

इतवारी म्हणाला, "काकाजी सांगते तं आयक." आणि प्रेरणानं ऐकलं.

आता इथपर्यंत काही फार मोठं पाप नव्हतं, असं गोपीचंद अजूनही स्वतःला सांगतो. मागाहून बिलं बनतातच. अर्धी लाखनी तशीच चालते. एखादी दुसरी मशीन बिलावर मागवायची, तिचं बिल हिला द्यायचं, असा त्याचा हिशेब होता. पण मशीनच्या अंगावर नंबर कोरलेला असतो, आणि बिलावर तोच नंबर लागतो, हे त्याला नंतर कळलं. किंवा कळत होतं, पण त्या दिवशी त्याला आठवायचं नव्हतं.

मृगाच्या आधी प्रेरणा परत आली, एकटीच. चेहरा उतरलेला. अर्ज परत आला होता.

"बिलाचं निमित्त सांगून रायले, काकाजी. प्रतिक्षा म्हनते पक्कं बिल नाही म्हनून अटकलं. तुमी तं म्हनलं होतं बिल कोन पायते. मले वाटते, वरच्याले काही पायजे असन. तिच्याच हातून पायजे असन. नाही तं आतापर्यंत दुसऱ्याइचे अर्ज कशे पास झाले? हे बहानाच होय ना?"

दुकानात अजून एक-दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनी लगेच री ओढली. सरकारी काम म्हणजे असंच, हात ओले केल्याशिवाय कागद हलत नाही वगैरे. सगळ्यांनी गोपीचंदकडे पाहिलं.

आणि गोपीचंदनं मान हलवली.

नुसती हलवली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण त्याला वाटलं, एवढ्यावर ती बिल मागेल. म्हणून तो पुढं बोलला. "बहानाच ते. न द्याचं असलं का कागद आठवतात त्याइले. बिल नेऊन देशीन, तं दुसरं काही काढतीन. सरकार असंच असते, बेटा."

प्रेरणा पाणीही न पिता गेली. ती सरळ गावच्या सभेत गेली, हे त्याला नंतर इतवारीकडून कळलं. प्रतिक्षा तिथं बचत गटांच्या बायांना काहीतरी समजावून सांगत होती. तिच्या तोंडावर, सगळ्या गावच्या बायांसमोर, प्रेरणानं विचारलं, "तुले किती पायजे ते सांगून टाक ना. एका ताटात जेवलो आपन, मले तरी सोडाचं होतं." प्रतिक्षा म्हणे खुर्चीवरची पर्स उचलून निघून गेली. इतवारीनं हे मोठ्या कौतुकानं सांगितलं, पोरगी माझी कोणाला भीत नाही म्हणून. त्या दिवशी त्यानं आणलेल्या मासोळ्या रंभाबाईनं तिखट रस्सा करून वाढल्या. गोपीचंदला घास उतरेना. काटा लागला असं तो म्हणाला.

पावसाळा सगळा तसाच गेला. शेड झालं नाही. मशीन अंगणात ताडपत्रीखाली, ताडपत्रीही गोपीचंदच्याच दुकानातली. ओलीनं एकदा मोटार बसली, मग प्रेरणानं मशीन झाकूनच ठेवली आणि सखाबाई पुन्हा जुन्या भट्टीपुढे बसली. बाया रोवणीला गेल्या, गोदावरीबाईसुद्धा. हे सगळं इतवारी दुकानात बसून सांगायचा, आणि शेवटी म्हणायचा, "काय करतं गा, सरकारच असं." गोपीचंदची मान हलायची. हलल्यावर त्याला तिची किळस यायची.

सखाबाईनं एकदा मुरमुऱ्यांची मोठी थैली पाठवली. घरात ती तशीच पडून राहिली. रंभाबाई विचारायची, "मुरमुरे सादळून रायले, खात काहून नाही? तुमाले तं कांदा टाकून लय आवडते." तो म्हणायचा, दाढ दुखते. दाढ, काटा, पित्त, या बाईला नवऱ्याच्या अंगातले किती रोग त्या वर्षी कळले याची गणती नाही.

दुकानातही त्याचं मन लागेना. 'कच्चं का पक्कं' असं विचारताना जीभ अडखळायची. एकदा एका शेतकऱ्याला तो म्हणाला, पक्कं ने भाऊ, कामी पडते. शेतकरी त्याच्याकडे असा पाहायला लागला, की याला काही झालं का. दोन दुकानं सोडून पलीकडे गेला आणि कच्च्यावर पंप घेऊन समोरूनच गेला. गोपीचंद हसला. दुसरं काय करणार होता? ज्यांना त्यानं शिकवलं, तेच आता पक्के झाले होते.

धान कापणीला आला तेव्हा एका दुपारी प्रतिक्षा दुकानात आली. तिच्या घरच्या शेतासाठी फवारणीच्या पंपाचा वॉशर हवा होता. गोपीचंदला तिच्याकडे बघवेना. तो उगाच डबे उपसत राहिला.

"प्रेरणा येते का, काकाजी?" तिनंच विचारलं. "कशी आहे?"

"बरी आहे," तो म्हणाला. "तू जात नाही का तिकडं?"

"कशी जाऊ?" ती म्हणाली. "चूक माझीच आहे ना. मी तिले सांगतलं होतं, पक्कं बिल घेजो. पन दुकानात तिच्यासंगं याले पायजे होतं. तुमाले मीच सांगतलं असतं, तं तिचं काम झालं असतं. तिले राग येनारच. बाया आता मले पाह्यलं का खालच्या आवाजात बोलतात. बोलू द्या. तिचं शेड नाही झालं, ते मले जास्त लागते."

वॉशर गोपीचंदच्या हातातच होता. पोरगी स्वतःला दोष देत होती, आणि तेही त्याच्याच समोर उभी राहून. त्याला वाटलं, हिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बाई, तुयी चूक नाही." पुढं बोलावं असं फार वाटलं. पण एक गिऱ्हाईक आलं, आणि गिऱ्हाईक आलं याचं त्याला त्या क्षणी बरंच वाटलं. हेही सांगायलाच पाहिजे.

वॉशरचे पैसे देताना प्रतिक्षा सवयीनं म्हणाली, "पक्कं बिल देजा." एवढ्याशा वॉशरचं. त्यानं दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलंच नाही. मोटारसायकल काढली आणि सानगडीला गेला. रस्त्यानं धान पिवळा उभा होता, गिट्टीचे ढीग अजून तिथंच होते. त्यांना शिवी द्यायचं त्या दिवशी त्याच्या मनात आलं नाही.

इतवारी तलावावर गेला होता. सखाबाई आत तांदूळ पाखडत होती. अंगणात प्रेरणा भट्टीपुढे बसली होती, जिथं तिला कधी बसायचं नव्हतं. कपाळावर घाम, हातात झारा. मागे ताडपत्रीखाली निळी मशीन.

"काकाजी, अचानक? बसा ना, बाज टाकते."

"नको. उभाच बरा आहो." तो घसा खाकरून एका दमात बोलला, कारण थांबला असता तर परत गेला असता. "बेटा, त्या मशीनचं पक्कं बिल माझ्याजवळ नव्हतंच. दोन नंबरचा माल होता तो. तुयं अनुदान माझ्यापायी गेलं. प्रतिक्षा खरं बोलत होती. कोनी काही नाही मांगलं तुले. बहाना त्याइचा नव्हता, माझा होता."

प्रेरणाचा झारा चालूच राहिला. मुरमुरे फुलत होते, ते तिनं चाळणीत काढले, दुसरा तांदूळ टाकला नाही. गोपीचंद बोलत सुटला. शेडच्या टिना तो देणार, पाइप तो देणार, मोटार दुरुस्त करून देणार, एक पैसा घेणार नाही.

"टिना पाठवा," ती म्हणाली. "घेईन मी. नाही म्हननार नाही, बायाइच्या कामाचा प्रश्न आहे. आनि बिलाचं मी समजू शकते. धंदा आहे, होते. मी पन बाजारात मुरमुरे कच्च्यावरच इकते, मले कोन इचारते." मग तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "पन मी तुमच्या दुकानात येऊन इचारलं होतं, हे बहाना होय ना म्हनून. तुमाले मालूम होतं. मंग तुमी मान काहून हलवली?"

याचं उत्तर गोपीचंदनं येताना तयार केलेलं नव्हतं. बिलाचं केलं होतं, टिनांचं केलं होतं. बाप आठवला, गादी आठवली, पण ते काही या पोरीपुढं ठेवण्यासारखं नव्हतं.

"मी प्रतिक्षाले सांगतो," शेवटी तो म्हणाला. "आजच जातो. साऱ्या बायाइसमोर सांगतो. माझी चूक आहे म्हनून."

"सांगसान तुमी," प्रेरणा म्हणाली. तिचा आवाज आता बसला होता. "पन ते बोलली तं मीच ना, काकाजी. एका ताटात जेवलो, असं म्हनून बोलली. ते शब्द कशे तुमचे होतीन?"

ती उठली आणि हात धुवायला विहिरीकडे गेली. हात केव्हाच स्वच्छ झाले, तरी ती पाठमोरी होऊन पाणी ओततच राहिली. तिचे खांदे हलत होते.

इतके महिने गोपीचंदला वाटत होतं, एकदा सांगून टाकलं की ओझं उतरेल. उतरलं काही नाही. उलट ते त्या पोरीच्या डोक्यावरही चढलं, आणि चढवणारा पुन्हा तोच होता.

सखाबाई आतून थैली घेऊन आली. तिनं यातलं काही ऐकलं नव्हतं. "दादा, आले का? मांगच्या थैलीतले संपले असतीन ना? हे ताजे आहेत, आत्ताच काढले. रंभाबाईले देजा." थैली अजून कोमट होती. ती त्याच्या हातात देत सखाबाई म्हणाली, "तुमच्यासारखं मानूस हाये म्हनून आमचं चालते, नाही तं या सरकारच्या भरोशावर काय होते?"

सवयीनं त्याची मान हलायला निघाली. विहिरीवरून प्रेरणा वळून पाहत होती. गोपीचंदनं मान धरून ठेवली, आणि थैली छातीशी घेऊन तो तसाच, ताठ, अंगणात उभा राहिला.